सुई खाली ठेवा: बोटॉक्सच्या बेकायदा धंद्याला जाहीर इशारा

ब्युटी पार्लरच्या मागच्या खोलीत, फ्लॅटच्या हॉलमध्ये, हॉटेलच्या रूमवर किंवा थेट लग्नघरी जाऊन, डॉक्टर नसताना जे लोक बोट्युलिनम टॉक्सिनची म्हणजेच ‘बोटॉक्स’ची इंजेक्शने देतात, त्यांनी हा धंदा ताबडतोब बंद करावा. त्यांना बिलाशिवाय माल पोचवणाऱ्यांनी तो पोचवणे थांबवावे. स्वतःच्या नावाची पाटी दुसऱ्याच्या दुकानाला भाड्याने देणाऱ्या डॉक्टरांनी ती आजच उतरवावी. ही विनंती समजू नये. विनंत्या करून झाल्या आहेत आणि पाणी डोक्यावरून गेले आहे.

मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे. हेच औषध माझ्या बाह्यरुग्ण विभागातल्या फ्रीजमध्ये असते आणि ते मी नियमित वापरतो. म्हणून हा इशारा औषधाविरुद्ध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. औषध चोख आहे. ते कोणाच्या हाती पडले आहे, याबद्दल मला बोलायचे आहे.

बोट्युलिनम टॉक्सिन हे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे विष आहे. माणसाला ठाऊक असलेल्या विषांमध्ये याच्याइतके जहाल दुसरे नाही. मज्जातंतू स्नायूला आकुंचन पावण्याचा निरोप देतो तो ॲसिटाइलकोलीन या रसायनामार्फत. टॉक्सिन मज्जातंतूच्या टोकात शिरते आणि हे रसायन बाहेर सोडायला लागणारे प्रथिन कापून टाकते. ए प्रकारच्या टॉक्सिनच्या बाबतीत ते प्रथिन म्हणजे एसएनएपी-२५. निरोप तिथेच अडतो, स्नायू सैल पडतो. कपाळावरच्या आठ्या विरतात त्या अशा. पण घास गिळणारे स्नायूही स्नायूच आहेत आणि श्वास ओढणारे श्वासपटलही स्नायूच आहे. कपाळ कुठले आणि घसा कुठला, हे विषाला कळत नाही. ते सुई धरणाऱ्याला कळावे लागते.

ही कुपी हाताळणे म्हणजे काय, तेही सांगतो. १०० युनिटच्या कुपीत टॉक्सिनचे वजन मोजक्या नॅनोग्रॅममध्ये असते आणि एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. बोटॉक्सची कुपी उजेडात धरली तर तळाशी पांढुरका पातळ थर तेवढा दिसतो, तोही निरखून पाहिल्यावर. आत निर्वात पोकळी असते. सलाइनची सुई झाकणातून आत गेली की कुपी सलाइन आपणहून ओढून घेते. तिने ते ओढले नाही, तर ती कुपी फेकून द्यायची असते. सलाइन प्रिझर्वेटिव्ह नसलेलेच लागते. कुपी खळाखळा हलवायची नाही, हलक्या हाताने फिरवायची. तयार केलेले औषध २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवून २४ तासांच्या आत वापरायचे, तेही एकाच रुग्णासाठी. सलाइन किती घातले यावर सिरिंजवरच्या एका रेघेत किती युनिट येणार हे ठरते. तिथे गणित चुकले की मात्रा दुपटीने किंवा चौपटीने चुकते. शिवाय एका ब्रँडचे युनिट दुसऱ्या ब्रँडला लागू पडत नाही. बोटॉक्सचे २० युनिट आणि डिस्पोर्टचे २० युनिट ही एकच मात्रा नव्हे. आता ‘बोटॉक्स पार्टी’त काय चालते ते पाहा. एक कुपी पाचसहा जणींत वाटली जाते. उरलेले औषध घरच्या फ्रीजमध्ये दही-लोण्याशेजारी ठेवून पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कोणाला तरी टोचले जाते. हा जिवाशी खेळ आहे.

याच औषधाने काय साधते, हेही लोकांना कळले पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी त्याचा वापर विकसित केला. १९८९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या विकारासाठी त्याला मान्यता दिली. भुवयांमधल्या आठ्यांसाठी मान्यता मिळाली २००२ मध्ये, म्हणजे सुमारे सव्वाबारा वर्षांनी. आधी ते रुग्णांचे औषध होते, सौंदर्याचा बाजार नंतर आला. मान पिळवटून एका बाजूला वळणारा डिस्टोनिया, काखेतला अतिघाम, पक्षाघातानंतर मुठीत आवळून बसलेला हात, मणक्याच्या दुखापतीनंतर ताबा सुटलेले मूत्राशय या सगळ्यांवर त्याचा उपयोग होतो. महिन्यातले १५ किंवा त्याहून जास्त दिवस डोके दुखणाऱ्या जुनाट अर्धशिशीत १५५ युनिट ३१ ठिकाणी विभागून, १२ आठवड्यांच्या अंतराने दिले जातात. कुठे द्यायचे, किती खोल, कोणत्या स्नायूत, हे सगळे ठरलेले आहे. त्यासाठी शरीररचना शिकावी लागते. दोन दिवसांचा कोर्स करून, भिंतीवर फ्रेम केलेले सर्टिफिकेट लावून ती येत नाही.

सेरेब्रल पाल्सी असलेली मुले आमच्याकडे येतात. पोटरीचे स्नायू इतके ताठ की टाच जमिनीला टेकत नाही, मूल चवड्यांवर चालते आणि पडते. पोटरीत वजनाच्या हिशोबाने टॉक्सिन द्यायचे, गरज असेल तर काही आठवडे प्लास्टर, मग पायाला स्प्लिंट आणि रोजची फिजिओथेरपी. औषधाचा परिणाम तीनचार महिने टिकतो, तेवढ्या काळात व्यायामाने पायाला वळण लावायचे असते. अशाच एका मुलाच्या आईने मध्यंतरी संमतीपत्र माझ्याकडे परत सरकवले. म्हणाली, “डॉक्टरसाहेब, पार्लरमध्ये देतात तेच विष ना हे? आमच्या गल्लीतली एक बाई त्याने दवाखान्यात पडली. माझ्या लेकराला नको.” तिची समजूत घालायला दोन भेटी लागल्या, आणि तेवढे दिवस त्या मुलाचे वाया गेले. बेकायदा सुई टोचणाऱ्यांनो, तुमचा धंदा फक्त तुमच्या गिऱ्हाइकांचे नुकसान करत नाही. तो या मुलांच्या वाटचे औषध बदनाम करतो आहे.

आणि त्या गल्लीतल्या बाईसारख्या बायका मी पाहिल्या आहेत. एक ताई मुलीच्या लग्नाच्या आधी कोणा ‘मॅडम’कडून कपाळावर आणि गळ्यावर इंजेक्शने घेऊन आल्या होत्या. बिल नाही, औषधाचे नाव ठाऊक नाही, मॅडमचा फोन बंद. दोन्ही पापण्या अर्ध्यावर आलेल्या, आवाज नाकातून येणारा. चमचाभर पाणी दिले तर ते नाकातून परत आले. मी त्यांना एका दमात आकडे मोजायला सांगितले. निरोगी माणूस सहज तीसपर्यंत जातो. त्या नऊवर थांबल्या. बुद्धी शाबूत होती, डोळ्यांत भीती होती, आणि आपल्याला श्वास पुरत नाही हे त्यांना नीट कळत होते. त्यांना त्याच तासाला अतिदक्षता विभागात हलवले. त्या वाचल्या, पण लेकीच्या लग्नाला उभ्या राहू शकल्या नाहीत. बोट्युलिझमचे, म्हणजे या विषबाधेचे, क्रौर्य हेच आहे. माणूस शेवटपर्यंत शुद्धीवर असतो.

जगात याहून भयंकर घडले आहे आणि त्याची नोंद आहे. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात, परवाना निलंबित झालेल्या एका डॉक्टरने प्रयोगशाळेतल्या संशोधनासाठी असलेले टॉक्सिन सुरकुत्यांसाठी वापरले. स्वतःलाही टोचून घेतले. चार जणांना बोट्युलिझम झाला. त्यांपैकी तिघांचे उपचारापूर्वीचे रक्त तपासायला मिळाले. त्यात माणसाच्या अंदाजित प्राणघातक मात्रेच्या २१ ते ४३ पट विष होते. चौघेही वाचले ते व्हेंटिलेटरमुळे, आणि त्या डॉक्टरला तुरुंगात जावे लागले. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तुर्कस्तानात वजन कमी करण्यासाठी लोकांनी जठराच्या भिंतीत टॉक्सिन टोचून घेतले. साठहून अधिक जणांना बोट्युलिझम झाला, बहुतेकांनी उपचार घेतले होते इस्तंबूलमध्ये. त्यांतले काही जर्मनीला घरी परतल्यावर आजारी पडले. वजन कमी करायला हा मान्यताप्राप्त उपचारच नव्हे.

२०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने अशा इंजेक्शननंतर त्रास झालेल्या ११ राज्यांतल्या २२ स्त्रियांची नोंद जाहीर केली. कोणी विनापरवाना किंवा अप्रशिक्षित व्यक्तीकडून, तर कोणी घरी किंवा स्पामध्ये इंजेक्शन घेतले होते. निम्म्या जणींना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याच सुमारास सापडलेल्या बनावट खोक्यांवर १५० युनिट असे छापलेले होते. खरे बोटॉक्स ५०, १०० आणि २०० युनिटमध्ये येते, १५० चे नसतेच. २०२५ च्या जून-जुलैमध्ये इंग्लंडमध्ये सौंदर्योपचारांनंतर बोट्युलिझमचे ३८ रुग्ण नोंदले गेले. जिथे आरोग्याची नोंद काटेकोर ठेवली जाते, तिथे हे उघडकीस आले. आपल्याकडे पार्लरची बाई फोन बंद करते, घरचे लोक अब्रूच्या भीतीने गप्प बसतात आणि केसपेपरवर ‘अशक्तपणा’ एवढेच लिहिले जाते. नोंद नाही म्हणून धोका नाही, अशा भ्रमात कोणी राहू नये.

आता एकेकाशी बोलतो.

विनापरवाना इंजेक्शन देणाऱ्यांनो, तुम्ही ज्याला ‘ट्रीटमेंट’ म्हणता तो कायद्याच्या भाषेत वैद्यकीय व्यवसाय आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. महाराष्ट्रात १९६१ चा वैद्यकीय व्यवसायी कायदाही तुम्हाला लागू होतो आणि त्यातही तुरुंगवास आहे. “आम्ही फक्त ब्युटीचे करतो” हा बचाव चालणार नाही. सुई त्वचेच्या आत गेली की तिथे ब्युटी संपली.

माल पुरवणाऱ्यांनो, औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० चे कलम २७ पाठ करून ठेवा. विनापरवाना औषध विकले तर किमान तीन वर्षे. बनावट औषध विकले तर किमान सात वर्षे. आणि बनावट औषधाने कोणाचा मृत्यू झाला किंवा गंभीर इजा झाली, तर किमान दहा वर्षे ते जन्मठेप आणि दहा लाखांपासून पुढे दंड. कुरिअरच्या डब्यात, बर्फाच्या पिशवीशिवाय, परदेशी भाषेतल्या लेबलची कुपी पाठवताना आपण काय पाठवतो आहोत, हे तुम्हाला पुरते ठाऊक असते. ताकाला जाऊन भांडे लपवू नका.

पार्लर चालवणाऱ्या भगिनींनो, तुमच्यातल्या बहुतेक जणी कष्टाने, सचोटीने दुकान चालवतात. केसांना लावतात त्या ‘हेअर बोटॉक्स’मध्ये हे टॉक्सिन नसते आणि या इशाऱ्याचा रोख तिकडे नाही. पण “आमच्याकडे रविवारी एक डॉक्टर येतात” म्हणून तुम्ही खुर्ची भाड्याने देत असाल, तर त्या डॉक्टरचा नोंदणी क्रमांक तुमच्या हाती आहे का? नसेल, तर उद्या पोलीस पहिले दार तुमचे ठोठावतील. तो माणूस तोवर गावाबाहेर गेलेला असेल.

माझ्या व्यवसायबंधूंनो, तुम्हाला सगळ्यांत कडक शब्दांत सांगतो, कारण तुम्ही शिकलेले आहात. सह्या केलेली कोरी प्रिस्क्रिप्शन ठेवून जाणे, आपल्या नावावर कुपी मागवून ती असिस्टंटच्या हाती देणे, वजन उतरवण्यासाठी जठरात टॉक्सिन टोचण्याच्या जाहिराती करणे, ही आपल्या शपथेशी गद्दारी आहे. २००९ पासून अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर सर्वांत गंभीर स्वरूपाची चौकटबंद सूचना छापलेली असते. टोचलेल्या जागेपासून दूर परिणाम पसरू शकतो, काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत केव्हाही गिळायला आणि श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो, असे ती सांगते. ती सूचना तुम्ही रुग्णाला वाचून दाखवता का? दाखवत नसाल तर तुमच्यात आणि पार्लरमधल्या ‘मॅडम’मध्ये फरक फक्त पदवीचा उरतो.

आणि ज्यांच्या अंगात ही सुई जाणार आहे, त्या सर्वांनो, तुम्हालाही बजावतो. स्वस्तात मिळते म्हणून विष विकत घेऊ नका. टोचून घेण्याआधी चार गोष्टी मागा, आणि मागताना संकोच करू नका. पहिली, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक. तो वैद्यकीय परिषदेच्या नोंदीत घरबसल्या तपासता येतो. दुसरी, बंद खोके तुमच्यासमोर उघडले गेले पाहिजे, आणि त्यावरचे नाव, बॅच क्रमांक, मुदत यांचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये असला पाहिजे. तिसरी, किती युनिट आणि कुठे दिले याची लेखी नोंद. चौथी, पक्के बिल. यांतल्या एकाही गोष्टीला “कशाला हवंय?” असे उत्तर आले, तर तिथून उठा. आगाऊ दिलेले पैसे गेले तरी चालतील.

तुम्हीही काही लपवू नका. मायस्थेनिया ग्रेव्हिस किंवा लॅम्बर्ट-ईटन यांसारखा मज्जातंतू-स्नायूंचा आजार असेल, गर्भारपण असेल, बाळ अंगावर पीत असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, जेंटामायसिन किंवा अमिकासिनसारखी प्रतिजैविके चालू असतील, तर ते आधी सांगा. यांतल्या काहींमध्ये हे औषध जीवघेणे ठरू शकते.

इंजेक्शननंतर एखादी पापणी थोडी खाली येणे हा चांगल्या डॉक्टरच्या हातूनही होऊ शकणारा त्रास आहे आणि तो काही आठवड्यांत ओसरतो. पण एकाचे दोन दिसू लागले, जीभ जड झाली, आवाज नाकातून येऊ लागला, घास अडला, मान सावरेना, दम लागला, तर सकाळची वाट पाहू नका. तोंडाने काही खाऊ-पिऊ नका, ते श्वासनलिकेत जाईल. १०८ ला फोन करा आणि व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात जा. दारातच सांगा की बोटॉक्सचे इंजेक्शन घेतले आहे. कुपी, खोके, फोटो जे असेल ते सोबत न्या. यावरचे अँटिटॉक्सिन फक्त रक्तात फिरत असलेल्या विषाला निष्प्रभ करते. मज्जातंतूत शिरलेले विष ते बाहेर काढू शकत नाही. लुळे पडलेले स्नायू परत यायला आठवडे, कधी महिने लागतात. शिवाय हे अँटिटॉक्सिन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. लाज वाटून घरी बसलेला प्रत्येक तास तुमच्या विरोधात जातो.

शासनाला माझ्या मागण्या मोजक्या आहेत. अन्न व औषध प्रशासनाने टॉक्सिनच्या प्रत्येक कुपीचा हिशोब घाऊक विक्रेत्यापासून रुग्णाच्या नावापर्यंत मागावा. बोगस डॉक्टर शोधणाऱ्या जिल्हा आणि महापालिका पातळीवरच्या समित्यांनी फक्त खेड्यातल्या दवाखान्यांवर धाडी न घालता शहरातल्या चकचकीत काचेच्या दारांमागेही पाहावे. बोट्युलिझमचा संशय आलेला प्रत्येक रुग्ण आरोग्य विभागाला कळवणे रुग्णालयांना सक्तीचे करावे. अँटिटॉक्सिनचा साठा राज्यात कुठे आहे, हे प्रत्येक अतिदक्षता विभागाला माहीत असावे. आग लागल्यावर विहीर खणायला निघू नये.

आता मुदत सांगतो. या महिन्याची अखेर. तोवर जाहिराती उतरवा, उरलेल्या कुप्या रीतसर नष्ट करा, आणि ज्यांना टोचले आहे त्यांना फोन करून वर सांगितलेली लक्षणे समजावून सांगा. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला माझ्याकडे जमा झालेल्या जाहिराती, पत्ते आणि फोटो लेखी तक्रारीसह अन्न व औषध प्रशासनाकडे, वैद्यकीय परिषदेकडे आणि संबंधित पोलीस ठाण्यात जातील. प्रत्येक तक्रारीची पोच मी घेईन आणि पुढे काय झाले, हे माहितीच्या अधिकारात विचारीन. वाचकांनीही हेच करावे. महाराष्ट्रातल्या अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. औषधाने त्रास झाला असेल तर भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाचा क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. तक्रार करणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही, घाबरायचे आहे ते सुई धरणाऱ्याने.

ज्यांना वाटते की हा लेख वाचून चार दिवसांत लोक विसरतील, त्यांनी एक लक्षात ठेवावे. तुमच्या गिऱ्हाइकाचा श्वास कोंडला की तिला आणतात ती आमच्याकडेच, आणि केसपेपर आम्ही लिहितो. यापुढे त्यावर ‘अशक्तपणा’ लिहिले जाणार नाही. विषाचे नाव लिहिले जाईल, ते टोचणाऱ्याचे नाव लिहिले जाईल आणि पोलिसांना त्याच वेळी कळवले जाईल. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. ती वाढवून मिळणार नाही.